पेट्रोलपंपाच्या जुन्या जागेची माती व भूजल तपासणी : चुकीचा अहवाल मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : ‘पाणी पिण्यास योग्य’ हा दाखला तातडीने रद्द करणे व तपासणी नव्याने करणे.

महोदय,

पुरंदर तालुक्यात हमरस्त्यालगत आमची वडिलोपार्जित जमीन आहे. तिच्यावर बरीच वर्षे भाडेपट्ट्याने पेट्रोलपंप होता. करार संपल्यावर टाक्या काढून नेल्या, खड्डे मुरूम टाकून बुजवले आणि जागा आमच्या ताब्यात आली. टाक्या गळत होत्या का, आणि गळत असतील तर माती व भूजल कुठवर बिघडले आहे, हे आम्हाला जाणून घ्यायचे होते, म्हणून तपासणीचे काम आपल्या कंपनीला दिले. आपल्या कोटेशनवर ‘पेट्रोलपंपाच्या जागेची माती व भूजल प्रदूषण तपासणी’ असे स्पष्ट लिहिले आहे. पैसे आम्ही पूर्ण भरले. हाती आला तो मात्र पिण्याच्या पाण्याचा नेहमीचा तक्ता : सामू, टीडीएस, कठीणपणा, क्लोराईड, कॉलिफॉर्म. आणि खाली शिक्का, ‘पाणी पिण्यास योग्य’.

अख्ख्या अहवालात पेट्रोलमधल्या बेंझीनचे नाव नाही. टोल्युईन, झायलीन नाही, डिझेलचे घटक नाहीत. पेट्रोलपंपाच्या जागी तपासायचे ते हेच! बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. इतक्या थोड्या बेंझीनचा वास येत नाही, ते यंत्रावरच सापडते. याबद्दल फोनवर विचारले तर ‘पाण्याचं पॅकेज तेच असतं’ असे उत्तर मिळाले. मग कोटेशनवर पेट्रोलपंप कशासाठी लिहिला होता?

नमुना घेताना मी तिथेच उभा होतो. आपल्या माणसाने बोअरच्या नळाखाली प्लॅस्टिकची बाटली विसळली, पाऊण भरली आणि एप्रिलच्या भर उन्हात गाडीच्या डिकीत टाकली. बेंझीन भराभर उडून जाते. त्यासाठी काचेची लहान कुपी लागते. ती आत बुडबुडासुद्धा राहणार नाही अशी काठोकाठ भरायची, नमुन्यात थोडे ॲसिड घालायचे आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यायची. त्या बाटलीतले पाणी पुढे कितीही महागड्या यंत्रावर चढवले असते, तरी खरा आकडा मिळाला नसता.

मातीचेही तेच. फाटकाजवळ पहारीने गुडघाभर खड्डा घेतला आणि पिशवीत माती भरली. टाक्या मागच्या बाजूला होत्या, आणि त्यांचा तळ दहा-बारा फूट खोल. गळलेले पेट्रोल मुरमातून खाली उतरते आणि पाण्याला लागले की त्यावर तरंगते. पावसाळ्यात पाण्याची पातळी वर येते, उन्हाळ्यात खाली जाते, तसा त्याचा थर वर-खाली होत मातीला आणि खडकाला चिकटत राहतो. शिवाय आपल्याकडे काळा पाषाण. त्यात पाणी भेगांमधून वाहते, त्यामुळे जवळचा बोअर स्वच्छ आणि लांबची विहीर खराब असेही होऊ शकते. पाणी कोणत्या दिशेला चालले आहे ते कळायला निदान तीन निरीक्षण बोअर लागतात. आपण एकही घेतला नाही.

जागेचा इतिहास तर कोणी विचारलाच नाही. पंपावर काम केलेले एक काका गावातच राहतात. ते सांगतात, डिझेलच्या टाकीत डिप घेताना, म्हणजे रॉड बुडवून साठा मोजताना, रॉडला लावलेल्या पेस्टचा रंग बदलायचा, म्हणजे तळाला पाणी असायचे. झाकणातून पावसाचे पाणी शिरत असेलही. पण टाकीला भोक असेल तर जिथून पाणी आत येते तिथूनच भूजलाची पातळी उतरल्यावर डिझेल बाहेर जाते. टाक्या नेमक्या कुठे होत्या हे पेसोने (पेट्रोलियम व स्फोटकांची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने) मंजूर केलेल्या नकाशात असते. तो नकाशाही आपण मागितला नाही.

आता हे पत्र लिहिण्याचे खरे कारण. उताराला आमच्या शेजारच्या काकूंची विहीर आहे. पावसाळ्यात तिच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येतो आणि घागरीत रंगीत तवंग दिसतो. म्हणून त्यांनी ते पाणी पिणे सोडून दिले होते. आपला अहवाल गावात फिरला आणि त्यांच्या घरी ते पुन्हा पिण्यासाठी भरायला लागले. नातवंडे तेच पाणी पितात. पिऊ नका असे आम्ही घरी जाऊन सांगितले, पण कंपनीच्या शिक्क्यापुढे आमच्या शब्दाला कोण विचारतो? त्या विहिरीचे पाणी आपण तपासलेलेही नाही.

म्हणून पहिली मागणी अशी, की हा दाखला रद्द केल्याचे पत्र मराठीत, आपल्या सहीशिक्क्यानिशी, हे पत्र मिळताच आम्हाला आणि काकूंच्या कुटुंबाला द्यावे. त्यानंतर आपल्या खर्चाने तपासणी नव्याने करावी. ज्या प्रयोगशाळेला बेंझीन व इतर पेट्रोलियम घटकांसाठी एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे तिथूनच ती व्हावी. मान्यता घटकानुसार असते, नुसता लोगो चालणार नाही. नमुने काकूंच्या विहिरीचेही घ्यावेत, आणि एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यानंतर घ्यावेत. हे जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी, आम्ही दुसरीकडून करून घेऊ. दाखला मात्र दोन्ही परिस्थितीत रद्द झाला पाहिजे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करू. या पत्राची प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि ग्रामपंचायतीला दिली आहे.

आपला,
जागामालक व ग्राहक

सोबत : कोटेशन, पैसे भरल्याची पावती, अहवालाची प्रत, नमुना घेतानाचे फोटो