डचमन एवढ्यात नको

चि. केदारला अनेक आशीर्वाद.

वाग्नरच्या ‘फ्लाइंग डचमन’ या ऑपेरातल्या डचमनच्या मुख्य भूमिकेसाठी तुला विचारणा झाली, फार बरं वाटलं. तरी या हंगामात ती भूमिका घेऊ नकोस. त्याच थिएटरकडे मोझार्टच्या ‘डॉन जोव्हान्नी’तला लेपोरेल्लो माग, नाहीतर माझेत्तो.

वेल्श बास-बॅरिटोन (खर्जाकडे झुकणारा पुरुषी आवाज) ब्रिन टर्फेलने भूमिका कोणत्या क्रमाने घेतल्या ते नीट बघ. १९८९च्या कार्डिफ गायन स्पर्धेत त्याला गीतगायनाचं बक्षीस मिळालं, मुख्य बक्षीस रशियन गायक ख्वोरोस्तोव्हस्कीने नेलं. १९९०मध्ये वेल्श नॅशनल ऑपेरात गुल्येल्मो, पुढच्या वर्षी फिगारो, दोन्ही मोझार्टच्याच भूमिका, आणि १९९४ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पाऊल ठेवलं तेही फिगारो म्हणूनच. वाग्नरच्या जड भूमिका नंतर आल्या: वोटानला त्याने हात घातला २००४च्या अखेरीस, डचमनला २००६मध्ये, हान्स झाक्सला २०१०मध्ये. एवढा दणदणीत आवाज असून चाळिशी जवळ येईपर्यंत थांबला. तू म्हणशील, सव्विसाव्या वर्षी साल्झबुर्गला स्ट्राउसच्या ‘सालोमे’तला कैदी योखानान गायलाच की. गायला, पण ती भूमिका लहान आहे आणि तिचा बराचसा भाग कैदेच्या पाण्याच्या टाक्याच्या आतून, रंगमंचाबाहेरून गायचा असतो.

फिगारो मधल्या सीच्या वरच्या एफपर्यंत जातो आणि वाग्नरचे बास-बॅरिटोनही साधारण तिथपर्यंतच. इथेच तरुण मुलं फसतात. त्या उंचीवर किती वेळ राहायचं आणि खाली कोण वाजवतंय, हे नुसती पट्टी बघून कळत नाही. फिगारोच्या वाद्यवृंदात दोन हॉर्न आहेत आणि ट्रॉम्बोन एकही नाही. डचमनमध्ये चार हॉर्न, तीन ट्रॉम्बोन, वर ट्यूबा. शिवाय डचमन येतो तोच थेट लांबलचक स्वगत घेऊन, आवाज मोकळा करायला आधी चार ओळीही मिळत नाहीत. दुसऱ्या अंकात नायिका सेंटाबरोबरचं द्वंद्वगीत त्याला जवळजवळ साथीशिवाय, हळू आवाजात सुरू करायचं असतं. पहिल्या अंकात घसा ताणला असेल तर तिथे काही लपत नाही.

वाद्यवृंदाच्या वर ऐकू यायला आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपासची धार लागते. ती वयाने आणि रियाजाने येते. ती नसली की मुलं जिभेचं मूळ दाबतात, स्वरयंत्र खाली ढकलतात आणि आवाज गडद करतात. खोलीत तो भारदस्त वाटतो, सभागृहात मागे पोचत नाही. मग जोर वाढतो, छातीचा आवाज बी फ्लॅटच्या वर तसाच ओढला जातो, आणि काही महिन्यांत स्वरातला कंप मंदावून सेकंदाला पाच हेलकाव्यांच्या खाली येतो. तो मंद हेलकावा लोकांना जाणवायच्या आधी गायकाचा हळू आवाज गेलेला असतो. म्हणून पूर्ण तालमीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी वरचा ई फ्लॅट ‘ई’कारावर अगदी हळू लाव. आधी नुसती हवा आणि मागून स्वर आला, तर त्या दिवशी तालमीत उंच ओळी खालच्या सप्तकात, खुणेपुरत्याच गा. कुणी नाक मुरडलं तरी चालेल.

पैशाचंही बोलते. पाहुण्या गायकाला मानधन प्रयोगावर मिळतं. आजारी पडलास तर त्या रात्रीचे पैसे नाहीत. सुजलेल्या घशाने गाणारे बहुतेक याच भीतीने गातात. कायम नेमणूक मिळाली तर करारात तुझा फाख, म्हणजे आवाजाचा आणि भूमिकांचा प्रकार, लिहून घे, म्हणजे न झेपणारी भूमिका नाकारायला कागदाचा आधार राहील.

एक नकार दिल्याने दारं बंद होत नाहीत. २००७मध्ये टर्फेलने घरच्या कारणासाठी लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरातली वाग्नरची ‘रिंग’ ही चार ऑपेरांची मालिका ऐनवेळी सोडली. मोठा गदारोळ झाला, तरी २०१२मध्ये त्याच रंगमंचावर तो वोटान गायला. तू तर तालमी सुरू व्हायच्या कितीतरी आधी सांगतो आहेस.

डचमनचं स्वगत टाकून देऊ नकोस. आठवड्यातून एकदा, तुकड्यातुकड्यांनी, फक्त तुझ्या गाण्याच्या बाईंसमोर गा. ऑडिशनच्या पाच अरियांत (एकल गीतांत) मात्र ते ठेवू नकोस, कारण तू जे गाशील तेच काम ते देतील. थिएटरला या आठवड्यातच कळव, त्यांनाही दुसरा गायक शोधायचा आहे.

तुझी,
आई