पेनीच्या खोक्यातले तांबे

कोलंबस, ओहायो
दि. ११ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबांस,

साष्टांग नमस्कार, वि. वि.

आम्ही सर्वजण येथे खुशाल आहोत. गेल्या रविवारी फोनवर तुम्ही हसत विचारलेत, की नोकरी आहे ना रे, मग रात्री तळघरात सुटे पैसे मोजत का बसतोस? हसण्यामागची काळजी मला कळली. मुलांनी तुम्हाला अर्धवट सांगितले आहे, म्हणून आज सविस्तर लिहितो.

येथील सर्वांत कमी किमतीचे नाणे एक सेंटाचे. लोक त्याला पेनी म्हणतात. बँकेत २५ डॉलर भरले की पेनीचे एक खोके मिळते. त्यात कागदात गुंडाळलेले ५० रोल, प्रत्येक रोलमध्ये ५० नाणी, म्हणजे एकूण २५०० नाणी असतात आणि वजन साडेसहा किलोच्या आसपास भरते. मी महिन्यातून एखादे खोके आणतो, त्यातील हवी ती नाणी काढून घेतो आणि उरलेली दुसऱ्या शाखेत भरून टाकतो. ज्या शाखेतून आणली तेथेच परत दिली, तर पुढच्या वेळी आपलीच चाळलेली नाणी आपल्या पदरात पडतात, हे पहिल्या दोन महिन्यांत शिकलो.

आता हवी ती म्हणजे कोणती, ते तुम्हाला सांगायला मला विशेष आनंद आहे, कारण हा प्रकार तांबट आळीत जन्मलेल्या माणसालाच खरा समजेल. १९८२ सालापर्यंत ही पेनी ९५ टक्के तांब्याची होती आणि तिचे वजन ३.११ ग्रॅम होते. तांबे महाग झाल्यावर त्याच वर्षी धातू बदलला. तेव्हापासून आत सगळे जस्त आणि वर तांब्याचा पातळ मुलामा, वजन अडीच ग्रॅम. जुन्या नाण्यात उरलेले पाच टक्के कधी कथील आणि जस्त, तर १९६२ नंतर नुसते जस्त असे, तेव्हा तुम्ही त्याला तांबे म्हणणार नाही, मिश्रण म्हणाल, हे मला ठाऊक आहे; पण येथे सगळे त्याला तांब्याची पेनीच म्हणतात. नाण्यावरचे साल पाहून निवड करता येते. अडचण फक्त १९८२ ची आहे, कारण त्या एका वर्षी दोन्ही प्रकारची नाणी पाडली गेली आणि दिसायला ती सारखीच आहेत. ती मी एकेक करून लहान तराजूवर टाकतो.

तराजूशिवायही ती ओळखता येतात, हे मात्र कोणी सांगायला नको होते. तुम्ही हंड्यावर नख मारून ‘हा पत्रा जुना आहे’ असे सांगत असा, तेव्हा आम्ही भावंडे चेष्टा करायचो. आता तळघराच्या सिमेंटच्या ओट्यावर मी नाणे वीतभर उंचीवरून सोडतो. तांब्याचे नाणे खणकन वाजते आणि नाद क्षणभर रेंगाळतो. जस्ताचे मात्र कवडी पडावी तसे ‘टक्’ करून गप्प होते. सुरुवातीला साल वाचण्याआधी कानाने ओळखायचे आणि मग खरे-खोटे करून पाहायचे, असा खेळ मी धाकटीबरोबर खेळत असे. तिचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे.

मात्र २५०० नाणी अशी वाजवत बसणे शक्य नसल्यामुळे मी एक लहानसे यंत्र घेतले आहे. त्यात एक नमुन्याचे नाणे कायमचे अडकवून ठेवायचे. वरून पडणारे प्रत्येक नाणे ते यंत्र विजेच्या साहाय्याने नमुन्याशी ताडून पाहते, जुळले तर एका बाजूला सोडते आणि न जुळले तर दुसऱ्या. मागच्या वर्षी मी गडबडीत १९८२ चे एक नाणे न जोखताच नमुना म्हणून बसवले. ते जस्ताचे निघाले. यंत्राने हुकूम इमानाने पाळला, जस्त माझ्या बादलीत आणि तांबे टाकाऊ डब्यात टाकले आणि तो डबा मी दुसऱ्या दिवशी बँकेत भरून आलो. संध्याकाळी बादली ओतली तेव्हा तिचा आवाजच भद्द आला, तेव्हा कुठे लक्षात आले. तांबटाच्या मुलाने मोड म्हणून तांबे फुकट देऊन यावे, ही गोष्ट कृपया आळीत सांगू नये.

नीट चाललेल्या खोक्यात किती तांबे निघते, तर गेल्या वेळी ४१२ नाणी निघाली, म्हणजे जवळजवळ १.३ किलो. आजच्या भावाने एका नाण्यातील तांबे तीन सेंटांहून अधिक किमतीचे आहे. हे ऐकून तुमचा पुढचा प्रश्न काय असेल ते मी जाणतो, आणि त्याचे उत्तर नाही असे आहे. डिसेंबर २००६ मध्ये येथील टांकसाळीने पेनी वितळवण्यावर आणि देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली. मोडल्यास १०,००० डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यामुळे लोक बादल्या भरून ठेवतात आणि बंदी उठण्याची वाट पाहतात. माझ्याजवळ १०,००० नाणी झाली आहेत. वजन ३१ किलो आणि दर्शनी किंमत फक्त १०० डॉलर. सूनबाईंचे म्हणणे असे, की एवढ्या जागेत वॉशिंग मशीन बसले असते. तिचे चूक नाही.

खरे सांगायचे तर तांबे हे निमित्त झाले. मला गोडी लागली ती जुन्या नाण्यांची. १९०९ पासून पेनीवर एका बाजूला लिंकनचा चेहरा आहे. १९५८ पर्यंत दुसऱ्या बाजूला गव्हाच्या दोन ओंब्या असत. एका खोक्यात अशी पाच-सहा तरी मिळतात. ती बहुतेक काळवंडलेली, कडा झिजलेल्या, पण ओंबीची कुसळे बोटाला अजून लागतात. १९०९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत पाडलेले, सालाखाली ‘एस’ आणि पाठीवर शिल्पकाराची ‘व्हीडीबी’ ही आद्याक्षरे असलेले नाणे सर्वांनाच हवे असते, कारण ती फक्त ४,८४,००० निघाली. १९५५ च्या काही नाण्यांचा ठसा घडवतानाच त्यावर छाप दोनदा उमटल्यामुळे लिंकनच्या बाजूची अक्षरे दुहेरी दिसतात, तेही मोलाचे. दोन्हींपैकी एकही मला अद्याप मिळालेले नाही. प्रत्येक १९५५ मी भिंगाखाली धरतो, आणि प्रत्येक वेळी अक्षरे एकेरीच असतात.

१९४३ चे मात्र मिळाले. महायुद्धात तोफगोळ्यांच्या कवचांसाठी तांबे लागत होते, म्हणून त्या एका वर्षी पेनी पोलादाची केली आणि गंजू नये म्हणून वर जस्त चढवले. रोल फोडताच करड्या रंगाची ती एकटी कडा दिसली. लोहचुंबक नेला तर टपकन चिकटली. चुकून काही मोजकी नाणी त्या वर्षीही जुन्या तांब्याच्या चकत्यांवर पडली आणि त्यांना आज घराएवढी किंमत येते, म्हणून लबाड लोक पोलादी नाण्यावर तांब्याचा मुलामा देऊन विकतात. तेथेही चुंबकच खरे बोलतो.

ते नाणे हातात धरल्यावर मला आजीच्या करदोट्यातला भोकाचा पैसा आठवला. तोही त्याच युद्धातला. तांबे वाचावे म्हणून आपल्याकडे १९४३ पासून पैशाच्या मध्यभागी मोठे भोक पाडले आणि १९४७ पर्यंत तो तसाच निघत राहिला. त्यांनी नाण्याची धातूच बदलली, आपल्याकडे पोट कोरले. तुमच्या वडिलांच्या दुकानात तेव्हा पत्रा मिळणे बंद झाले होते असे तुम्ही सांगत होतात, तेही याच ओढाताणीमुळे.

घाई करण्याचे आणखी एक कारण आहे. एक पेनी पाडायला साडेतीन सेंटांहून अधिक खर्च येऊ लागल्यामुळे १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियात चलनासाठीची शेवटची पेनी पाडली गेली. चलनातून ती बाद झालेली नाही, पण नवी येणार नाही. आमच्या शाखेतील बाई म्हणाल्या, की खोके मागाल तेव्हा मिळेलच असे आता सांगता येणार नाही. या महिन्यात एकच मिळाले.

मे महिन्यात आम्ही येत आहोत. प्रवाशाला पाच डॉलरपर्यंतची पेनी बरोबर नेण्याची मुभा आहे, म्हणजे ५०० नाणी, दीड किलोहून थोडी अधिक. ती मी आणीन. भट्टी तेवढी पेटवू नये. ऐरणीवर टाकून आवाज ऐकायला हरकत नाही. तोपर्यंत आईला सांगून लोखंडी कपाटातील आजीच्या डब्यात भोकाचा पैसा आहे का ते पाहून ठेवावे, आणि असल्यास त्यावरचे साल वाचून मला कळवावे.

आईस साष्टांग नमस्कार. संक्रांतीचा तिळगूळ पोहोचला.

आपला,
धाकटा