नोकरी ट्वीटमुळे गेली की प्रक्रिया गुंडाळल्यामुळे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘प्राध्यापकांनी वर्गात शिकवावे, गाझाचे राजकारण करू नये’ असे बजावणारा लेख आपण कालच्या अंकात छापला. लेखकाला आपले मत मांडायचा हक्क आहे. पण त्या मताला टेकू म्हणून त्यांनी अमेरिकी प्राध्यापक स्टीव्हन सलायटा यांचे उदाहरण इतके अर्धवट दिले आहे, की वाचकाच्या डोक्यात नेमके उलटे बसेल. ‘इस्रायलविरोधी ट्वीट केली, विद्यापीठाने प्राध्यापकाला काढून टाकले, विषय मिटला.’ एवढ्या तीन तुकड्यांत प्रकरण उरकून लेखक उपदेशाकडे वळतात. विषय मिटला नव्हता. तो विद्यापीठाला चांगलाच महागात पडला, आणि का पडला हेच वाचकाला सांगायला हवे होते.

तारखा ओळीने लावून पाहा. ऑक्टोबर २०१३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन येथील शाखेतून सलायटा यांना नेमणुकीचे पत्र गेले. विभाग ‘अमेरिकन इंडियन स्टडीज’, म्हणजे अमेरिकेतल्या मूळनिवासींच्या अभ्यासाचा, पद सहयोगी प्राध्यापकाचे आणि कायम स्वरूपाचे. सही अधिष्ठात्यांची. पत्रात एक ओळ होती, की ही नेमणूक विश्वस्त मंडळाच्या मंजुरीच्या अधीन राहील. सलायटा यांनी त्याच महिन्यात होकार कळवला आणि व्हर्जिनिया टेकमधली कायम नोकरी सोडली. इलिनॉयच्या वेळापत्रकात त्यांच्या नावावर तासही लागले. रुजू होण्याची तारीख होती १६ ऑगस्ट २०१४. मंडळाची बैठक मात्र ११ सप्टेंबरला.

सगळी मेख इथे आहे. तिथल्या शिरस्त्याप्रमाणे माणूस आधी रुजू होतो, शिकवायला लागतो आणि मंडळाचा शिक्का मागाहून पडतो. निवड करते ती विभागाची समिती. तिने प्रकाशने वाचलेली असतात, बाहेरच्या तज्ज्ञांचे अभिप्राय मागवलेले असतात. मंडळाची मंजुरी हा शेवटचा उपचार. हा उपचार एक दिवस नकाराधिकार म्हणून वापरला जाईल असे पत्र पाठवणाऱ्याच्याही मनात नव्हते आणि घेणाऱ्याच्याही.

जुलै २०१४ मध्ये गाझावर हल्ले सुरू झाले आणि सलायटा रोज त्यावर लिहू लागले. भाषा जहाल होती. त्याआधी, जूनमध्ये, तीन इस्रायली मुलांचे अपहरण झाले त्या दिवसांत त्यांनी वेस्ट बँक या इस्रायलव्याप्त पॅलेस्टिनी भागातले सगळे इस्रायली वसाहतवाले नाहीसे व्हावेत अशा अर्थाचे ट्वीट केले होते, तेही शिवी घालून. मला ते किळसवाणे वाटते. त्याची भलामण करायला मी हे पत्र लिहीत नाही. माझा मुद्दा पुढचा आहे. तिथल्या प्रमुख, चॅन्सेलर फिलिस वाइझ यांच्याकडे माजी विद्यार्थी आणि देणगीदारांच्या ईमेल येऊ लागल्या आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सलायटा यांना कळवण्यात आले, की तुमचे नाव मंडळापुढे ठेवले जाणार नाही. विभागाला विचारले नाही. लेखी आरोप नाही, सुनावणी नाही, त्यांचे पूर्वीचे अध्यापन कोणी तपासले नाही. तोवर त्यांची जुनी नोकरी गेलेली होती. पुढे गदारोळ झाल्यावर नाव मंडळापुढे गेले आणि आठ विरुद्ध एक मताने फेटाळले गेले.

म्हणून ‘काढून टाकले’ हा शब्दही चुकीचा आहे. विद्यापीठाचा बचावच असा होता की हा माणूस आमचा कर्मचारी कधी झालाच नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये संघीय न्यायाधीशांनी कराराचा दावा फेटाळायला नकार दिला. देकार दिला गेला, तो स्वीकारला गेला, त्यावर भरवसा ठेवून माणसाने नोकरी सोडली. याला करार म्हणायचे नाही तर अमेरिकेतली प्राध्यापकांची सगळी नेमणूक-पद्धतच कोसळेल, असा त्या आदेशाचा रोख होता. त्याच दिवशी वाइझ यांनी राजीनामा दिला. त्याआधी जूनमध्ये अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स या प्राध्यापक संघटनेने विद्यापीठाला निषेधयादीत टाकले होते, ते नाव २०१७ मध्ये निघाले. नोव्हेंबर २०१५ मध्ये तडजोड झाली: आठ लाख पंचाहत्तर हजार डॉलर. त्यातले सहा लाख सलायटा यांना, उरलेले वकिलांच्या खर्चापोटी. नोकरी मात्र मिळाली नाही. पुढे काही काळ या माणसाने शाळेची बस चालवली. यात कोण जिंकले ते लेखकाने सांगावे.

आता दुसरे प्रकरण, जे लेखात यायला हवे होते आणि जे त्यांच्या बाजूचे आहे. २०१८ साली मिशिगन विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने आपल्या विद्यार्थिनीला शिफारसपत्र द्यायचे कबूल केले होते. ती तेल अवीव विद्यापीठात एक सत्र शिकायला जाणार हे कळताच त्यांनी ईमेल करून नकार कळवला आणि कारण दिले, शैक्षणिक बहिष्काराचे, म्हणजे इस्रायली विद्यापीठांशी संबंध न ठेवण्याचे. आपला असा कोणताही बहिष्कार नाही, हे विद्यापीठाने लगेच स्पष्ट केले. त्या प्राध्यापकाची त्या वर्षीची पगारवाढ रोखली गेली आणि अभ्यासरजा दोन वर्षे बंद झाली. ही शिक्षा मला योग्य वाटते. शिफारसपत्र हे विद्यार्थ्याच्या कामाबद्दल असते. त्याने कोणत्या देशात शिकावे हे ठरवायचा अधिकार त्यातून मिळत नाही. त्या मुलीचा अर्ज अडला तो तिच्या शिक्षकाच्या मतामुळे.

या दोन प्रकरणांत जो फरक आहे, त्यावरच सगळे अवलंबून आहे. एकात मत बाहेर मांडले गेले आणि कोणत्याही विद्यार्थ्याचे नुकसान दाखवता आले नाही. दुसऱ्यात मत थेट एका विद्यार्थिनीच्या कागदावर येऊन बसले. वर उल्लेख केलेल्या संघटनेचे १९४० चे निवेदन हेच सांगते: वर्गात आपल्या विषयाची चर्चा मोकळेपणाने करा, विषयाशी संबंध नसलेले वादग्रस्त मुद्दे आणू नका, बाहेर नागरिक म्हणून बोला, पण संस्थेच्या वतीने बोलत नाही हे स्पष्ट करा. १९६४ मध्ये त्यात भर पडली, की बाहेरच्या बोलण्यावरून नोकरी काढायची तर त्या बोलण्यातून माणूस पदाला अपात्र असल्याचे ठळकपणे दिसले पाहिजे, आणि तेही त्याचे अध्यापन आणि एकूण कारकीर्द पाहून. आरोप लेखी हवा, सुनावणी सहकारी प्राध्यापकांच्या समितीपुढे हवी, सिद्ध करण्याची जबाबदारी संस्थेची. यातली एक पायरी गाळली की इलिनॉय होते.

आणि जे प्राध्यापक चळवळीत आहेत त्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. सगळ्यात जास्त घोळ होतो तो विभागाच्या नावाने काढलेल्या निवेदनांत. वीस जणांच्या विभागात बारा जण सही करतात, निवेदन विभागाच्या संकेतस्थळावर चढते आणि ज्याची नोकरी अजून कायम झालेली नाही तो तरुण सहायक प्राध्यापक पेचात सापडतो. सही केली तर वरच्यांची नाराजी, नाही केली तर त्याच बारांपैकी कोणीतरी उद्या त्याच्या बढतीच्या समितीवर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने जुलै २०२४ मध्ये विभागांच्या मुख्य पानावर अशी मते टाकायला मनाई केली. नियमामागचा हेतू काहीही असो, या एका पेचावर तो उपाय आहे. निवेदन काढायचेच तर स्वतःच्या नावांनी काढा, पदनाम फक्त ओळखीपुरते आहे असे खाली लिहा, आणि विभागाचा लेटरहेड, ईमेल-यादी वापरू नका.

लेखात ‘अमेरिकी विद्यापीठांनी इस्रायलवर बहिष्कार घातला’ असेही म्हटले आहे. विद्यापीठांनी नाही, विषयवार संघटनांनी. अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशन या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेत २०१६ साली बहिष्काराचा ठराव २,३८४ विरुद्ध २,४२३ असा अवघ्या ३९ मतांनी पडला. २०२३ मध्ये तोच २,०१६ विरुद्ध ८३५ मतांनी मंजूर झाला. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की इस्रायली संस्थांना संघटनेच्या नोकरभरतीच्या सोयी, जाहिराती वगैरे मिळणार नाहीत. इस्रायली अभ्यासक मात्र स्वतःच्या नावाने अधिवेशनाला येऊ शकतात, नियतकालिकांत लिहू शकतात. कोणत्याही सभासदावर वैयक्तिक बंधन नाही. मिशिगनच्या प्राध्यापकांनी हाच भेद पुसला, आणि आपल्या लेखकांनीही.

‘आपल्याकडे सुदैवाने हे लोण नाही’ या वाक्याने तर मी हात टेकले. नोव्हेंबर २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत काय झाले ते मुंबईतल्या वर्तमानपत्राला मी सांगायचे? मानव्यविद्येच्या एका अभ्यासक्रमात वेस्ट बँकमधल्या जेनिनच्या पॅलेस्टिनी निर्वासित छावणीतल्या नाट्यगटावरचा माहितीपट दाखवला, पाहुणे वक्ते बोलले, आणि काही विद्यार्थ्यांची तक्रार थेट पोलीस ठाण्यात पोहोचली. विषय नाट्यप्रयोगाचा होता, माहितीपट नाट्यगटाचा. म्हणजे तो विषयाशी संबंधित होता की नाही, हा प्रश्न अध्यापकांच्या समितीने अर्ध्या दिवसात सोडवला असता. त्यासाठी फौजदार कशाला? त्यानंतर संस्थेने कार्यक्रमांच्या पूर्वपरवानगीचे नियम काढले. ते शिकवण्याचे संरक्षण करत नाहीत, परवानगी देणाऱ्याचे करतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि शिक्षकाने राजकारणापासून दूर राहावे हे ज्या राज्यात सांगितले जात आहे, त्या राज्याच्या विधान परिषदेत ७८ पैकी ७ जागा शिक्षक मतदारसंघाच्या आहेत. घटनेच्या १७१ व्या अनुच्छेदाने त्या दिलेल्या आहेत. शिक्षक म्हणून मतदान करा, पण शिक्षक म्हणून बोलू नका, हे कसे चालेल?

जाता जाता छायाचित्राबद्दल. ओळीत ‘इलिनॉय विद्यापीठातील निदर्शने’ असे छापले आहे. हिरवळीवरचे तंबू आणि मागे दर्शनी भागावर होमर, हिरोडोटस, सोफोक्लीज अशी नावे कोरलेली खांबांची इमारत, ही न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातली बटलर लायब्ररी आहे आणि ते तंबू एप्रिल २०२४ चे आहेत. सलायटा प्रकरणानंतर दहा वर्षांनी, शेकडो मैल दूर. शंभरावर अटका झाल्या त्या या तंबूंवरून. दुरुस्ती छापताना ‘काढून टाकले’ हा शब्द, बहिष्काराचे वाक्य आणि छायाचित्राची ओळ, तिन्ही दुरुस्त करावीत. आणि तडजोडीचा आकडाही द्यावा.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे