तलावाचे पैसे, पण तलाव कुठे?

पवईत ‘लेक व्ह्यू’ सदनिकांच्या जाहिराती पाहिल्या की गंमत वाटते. चित्रात निळेशार पाणी, प्रत्यक्षात वर्षातले कित्येक महिने जलपर्णीचा हिरवा गालिचा. १८९१ च्या सुमारास मुंबईला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून बांधलेल्या या तलावाचे पाणी आज पिण्यायोग्य नाही. मगरी मात्र अजून आहेत, त्या कोणत्याच माहितीपत्रकात दिसत नाहीत!

घर शोधताना बिल्डरच्या माणसाला मी एवढेच विचारले, की समोर उद्या दुसरा टॉवर उठला तर? तो म्हणाला, ‘काका, तसं काही होणार नाही.’ मग हे करारनाम्यात लिहून द्या म्हटल्यावर चहा आला, उत्तर आले नाही. करारात चटईक्षेत्र, मजला, पार्किंग सगळे असते. खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याबद्दल सहसा चकार शब्द नसतो. त्याच दृश्यासाठी चौरस फुटामागे जादा दर लागतो आणि त्या वाढलेल्या किमतीवर मुंबईत पुन्हा सहा टक्के मुद्रांक शुल्क.

तलावाकाठचा सायकल ट्रॅक २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. म्हणजे काठावर काय होईल, हे रहिवाशांच्या हाती नाही. महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, निदान ‘व्ह्यू’च्या नावाखाली घेतलेली रक्कम करारात वेगळी दाखवणे सक्तीचे करावे.

– एक वाचक, कांजूरमार्ग