ब्रिजमधली मोजणी थांबवणाऱ्या माझ्या प्रशिक्षिकेस

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हे सारे तुम्हाला समक्ष सांगता आले असते. पण पिलाटेस हा व्यायामप्रकार शिकवणाऱ्या इतरांच्याही वाचनात यावे, म्हणून जाहीरपणे लिहीत आहे.

शोल्डर ब्रिज, म्हणजे पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलण्याचा व्यायाम, करताना माझ्या मांडीमागे गोळा येई आणि तासानंतर कंबर धरे. आधीच्या प्रशिक्षकांना हे सांगितले, की ‘अजून वर उचला’, ‘पोट आत घ्या’, ‘सवय झाली की जाईल’ एवढीच उत्तरे मिळत. हंड्रेड या व्यायामात डोके उचलून धरायचे असते; त्याचे १०० आकडे त्यांनी चोख मोजले. त्या वेळी माझी मान किती ताणली जाते, याकडे मात्र कुणाचेही लक्ष गेले नाही. याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

तुम्ही मोजणी मध्येच थांबवलीत, मॅटशेजारी गुडघे टेकून बसलात, माझी परवानगी घेऊन मांडीमागे दोन बोटे ठेवलीत आणि विचारलेत, “जोर इथेच लागतोय ना? नितंबांत काही जाणवतंय?” मग उत्तर येईपर्यंत गप्प राहिलात. वर्ग खोळंबला होता, तरी तुम्ही घाई केली नाहीत.

नितंबाचा मोठा स्नायू आपला वाटा उचलत नाही, तेव्हा त्याचा भार हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचे स्नायू, आणि कंबरेचे स्नायू घेतात; कंबर उचललेली दिसतेच, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते. तुम्ही टाचा नितंबांजवळ घ्यायला लावल्यात, कारण गुडघा जास्त दुमडला की हॅमस्ट्रिंगचा जोर कमी पडतो. उंची निम्मी केलीत, बरगड्या वर येऊ न देता श्वास सोडत उचलायला सांगितलेत, आणि स्नायूंना थरथर सुटली ती थेट नितंबांत! प्लँकमध्ये, म्हणजे हातांवर आणि पायांच्या बोटांवर शरीर सरळ तोलून धरताना, माझे खांदे कानांकडे चढत, तेव्हाही नुसते ‘खांदे खाली’ म्हणून तुम्ही मोकळ्या झाला नाहीत. भिंतीशी उभे करून तळव्यांनी भिंत ढकलायला लावलीत आणि बरगड्यांवरचा सेरेटस स्नायू कामाला लागेपर्यंत मला जमिनीवर पाठवले नाहीत.

समोरच्याचे दुखणे खरे मानायला पदवी लागत नाही, सौजन्य लागते. ते तुमच्याकडे भरभरून आहे. नवे प्रशिक्षक तुमच्या हाताखाली तयार होत आहेत. उपकरणाची स्प्रिंग आणि आवर्तने ठरवण्याआधी काम नेमका कोणता स्नायू करतो आहे, हे विचारायला त्यांना जरूर शिकवा, एवढी विनंती.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी