रिकाम्या खुर्चीवर येऊन बसणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या नगरसेविका होतात, तरी तुमच्या अभिनंदनाचे फलक आपल्या वॉर्डात कधी फारसे लागले नाहीत, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

शिक्षण हक्क कायद्याने शाळेत व्यवस्थापन समिती आणली. त्यात ७५ टक्के पालक, निम्म्या बायका आणि एक जागा लोकप्रतिनिधीची. आमच्या शाळेत ती खुर्ची कायम रिकामी. इतिवृत्ताची वही शिपायाबरोबर आधीच्या साहेबांच्या घरी जायची, सही होऊन यायची. तुम्ही स्वतः आलात तेव्हा मुख्याध्यापिका बाई दचकल्याच. कोणीतरी तक्रार केली असणार!

त्या दिवशी विषय रंगरंगोटीचा होता. तुम्ही उठून मुलींच्या स्वच्छतागृहाकडे गेलात. पाचांतल्या तीन दारांना कडी नव्हती. एक मुलगी आत, दुसरी बाहेरून दार ओढून उभी. माझी लेक पाण्याची बाटली भरलेलीच घरी का आणते, ते मला तिथे कळलं. दुसऱ्या दिवशी ज्युनिअर इंजिनिअर आणि सुतार दोघेही हजर. तीन कड्यांना खर्च तो किती? पण अर्ज दोन वर्षं फिरत होता.

आठवीचं काम मात्र सोपं नव्हतं. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. आमच्याकडे उलटंच. पालक पाठवायला तयार, शाळाच सातवीला संपायची. पुढची शाळा तीन किलोमीटरच्या आत, म्हणजे नियमात बसणारी. मधला हायवे नियमात दिसत नाही. मुली घरी बसायच्या. तुम्ही शिक्षण समितीत विषय लावून धरलात, चौकातल्या कमानीचा निधी वर्गखोल्यांकडे वळवलात. कमानीवर तुमचं नाव झळकलं असतं. कार्यकर्ते किती दिवस फुगून बसले होते, तेही आम्ही पाहिलं.

लेक त्याच शाळेतून आठवी झाली, आता नर्सिंगला आहे. धाकटा सहावीत, म्हणून मी अजून समितीत.

मार्च २०२२ ला तुमची मुदत संपली, प्रशासक आले. पुढच्या बैठकीला तुम्ही आलात आणि मागे, पालकांच्या बाकावर बसलात. बाई पेन धरून थांबल्या, ताईंना काय म्हणून लिहू? मी म्हटलं, निमंत्रित लिहा.

शनिवारी अकराला बैठक आहे. चहा माझ्याकडून.

तुमची,
समितीतली एक आई