बाळाच्या पायांबद्दल, सुनंदास

घाटंजी

प्रिय सुनंदा,

बाळाचा फोटो पाहिला. पावलं आत वळलेली, टाचा वर ओढलेल्या. डॉक्टरांनी क्लबफूट सांगितला तो बरोबरच आहे, आणि तो बरा होतो गं. ग्रहणात तू भाजी चिरलीस म्हणून हे झालं, असं घरात बोलतात ना? साफ खोटं आहे ते. साधारण हजारात एका बाळाला हे असतं, मुलांना मुलींच्या दुपटीनं. तुझा काहीएक दोष नाही.

मालिशवाल्या बाईच्या भरवशावर दिवस घालवू नकोस. आशाताईला सांगून आरबीएसकेच्या, म्हणजे सरकारच्या बालआरोग्य तपासणी योजनेच्या, डॉक्टरांना दाखव. 2013 पासूनच्या या योजनेत हा उपचार फुकट होतो. पद्धत डॉ. पोन्सेटींची: दर आठवड्याला पाऊल हलक्या हातानं फिरवून मांडीपर्यंत प्लास्टर. पाच-सहा प्लास्टरांत पाऊल वळणावर येतं. टाच मात्र बहुतेकांची खाली येत नाही, मग जागा बधिर करून टाचेमागची शीर कापतात, रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरी. घाबरू नकोस, तीन आठवड्यांच्या शेवटच्या प्लास्टरात ती लांब होऊन भरून येते.

प्लास्टर असताना दर वेळी पाजताना बोटं बघ. अंगठा दाबून सोडला की पांढरा पडून लगेच गुलाबी व्हायला हवा. बोटं निळी, गार, सुजलेली वाटली किंवा प्लास्टरच्या आत सरकली, तर तारखेची वाट पाहू नको, त्याच दिवशी एसटी पकड. लंगोट प्लास्टरच्या काठाखाली जाऊ देऊ नको, आणि अंघोळीऐवजी अंग पुसून घे.

पण खरी कसोटी बुटांची. शेवटचं प्लास्टर निघालं की दांड्याला जोडलेले बूट तीन महिने रोज 23 तास, मग चार-पाच वर्षांचा होईपर्यंत झोपेत. पाय पुन्हा वळलेली जी लेकरं आमच्याकडे येतात, त्यांचे बूटच सुटलेले असतात. "पाय तं सुदे झाले, काढ ना माय ते," असं घरचे म्हणतात, आई कापूस वेचायला गेलेली असते. त्या आईवर मला राग धरवत नाही, पण तू आतापासून सासूबाईंनाही बूट घालायला शिकव. सुरुवातीला रात्री रडेल. दांडा धरून दोन्ही गुडघे एकदम वाकव, सरळ कर, खेळव. त्याला ते जमलं की तो रुळतो. लाल डाग टिकून राहिला तर तेल-क्रीम न लावता दाखव.

पहिल्या प्लास्टरला मी रजा टाकून येते. त्याला जरा भुकेलाच आण, प्लास्टर होताना पाजलं की शांत राहील. तारीख मिळाली की फोन कर.

तुझीच,
वंदना